वर्गणीचे दोन अर्थ



‘वर्गणी’ हा शब्द आपल्या भाषेंत दोन अर्थांनीं चालतो, आणि ते दोन्ही अर्थ एकमेकांच्या अगदीं उलट आहेत, हें सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. मासिकाची वर्गणी जो भरतो त्यालाच मासिक मिळतें. जो भरीत नाहीं त्याला मिळत नाहीं. उलट गणेशोत्सवाची वर्गणी घ्या, किंवा जत्रेंतील कुस्त्यांच्या फडाची घ्या. ज्यांना देववते ते ती देतात, पण उत्सव सर्वांचा होतो. मांडवाच्या दारांत उभें राहून कोणी पावती मागत नाहीं.

आजचा माझा विषय थोडक्यांत सांगावयाचा तर इतकाच आहे कीं, विद्वानांच्या ज्या संशोधनपत्रिका आजवर पहिल्या प्रकारच्या वर्गणीवर चालत आल्या, त्या दुसऱ्या प्रकारच्या वर्गणीवर चालवितां येतील काय? या चळवळीला इंग्रजींत ‘ओपन ॲक्सेस’ असें नांव आहे. मुक्तद्वार भोजन हा शब्दप्रयोग आपल्या परिचयाचा आहे; त्याच धर्तीवर आपण हिला मुक्तद्वार प्रकाशन म्हणूं.

हा प्रश्न केवळ विद्यापीठांतील पंडितांचा आहे, अशी समजूत मात्र कोणी करून घेऊं नये. रहिमतपूर हें सातारा जिल्ह्याच्या कोरेगांव तालुक्यांतील गांव. पुणें-मिरज लोहमार्गावर त्याचें स्टेशन आहे, आणि त्या बाजूच्या शिवारांत आल्याचें पीक पुष्कळ होतें. आलें लावणाऱ्याला कंदकूज म्हणजे काय, हें सांगावें लागत नाहीं. पावसाळ्यांत पानें शेंड्याकडून पिवळीं पडूं लागतात, बुंधा मऊ पडतो, खोड ओढलें तर अल्लद हातांत येतें, आणि जमिनींतील कंद उकरून पाहावा तों तो कुजून त्याला दुर्गंधी सुटलेली असते. बेणें, खत, मशागत यांवर केलेला सारा खर्च कांहीं दिवसांत मातींत जातो. या रोगाच्या मुळाशीं बहुधा पिथियम जातीची बुरशी असते, आणि तिच्यावर आपल्याच देशांत पुष्कळ संशोधन झालेलें आहे. केरळांत कोळिकोड येथें तर मसाल्याच्या पिकांसाठीं स्वतंत्र सरकारी संशोधनसंस्थाच आहे.

आतां अशी कल्पना करा कीं, रहिमतपूरचा एक कृषिपदवीधर तरुण आपल्या शेतांतील कंदकुजीवर उपाय शोधण्यासाठीं रात्रीं महाजालावर बसला आहे. त्याला हवा तसा शोधनिबंध सांपडतो. निबंधाचें नांव वाचावयास मिळतें, दहा ओळींचा सारांशही मिळतो. आणि त्याखालीं सूचना येते कीं, पुढें वाचावयाचें असल्यास तीस-चाळीस डॉलर भरावे. म्हणजे सुमारें तीन हजार रुपये झाले, आणि तेही एका निबंधाचे! निबंध आपल्या उपयोगाचा आहे कीं नाहीं हें तो वाचल्याशिवाय कळत नाहीं, आणि पैसे भरल्याशिवाय वाचतां येत नाहीं. तरुण दिवा मालवून झोपीं जातो. पण हाच तरुण जर ‘इंडियन जर्नल ऑफ ॲग्रिकल्चरल सायन्सेस’ या १९३१ पासून निघत असलेल्या पत्रिकेकडे वळला, तर त्याला कोणी अडवीत नाहीं. भारतीय कृषि संशोधन परिषदेनें आपल्या पत्रिका महाजालावर सर्वांस खुल्या ठेवल्या आहेत, आणि २०१३ सालीं तसें धोरणही लेखी जाहीर केलें आहे. दोन्ही ठिकाणीं शास्त्र सारखेंच. एका दाराला कुलूप आहे आणि दुसऱ्याला नाहीं, एवढाच काय तो फरक.

हें कुलूप आलें कोठून? संशोधनपत्रिकांचा जन्म १६६५ सालचा. त्या वर्षीं जानेवारींत पॅरिसला एक पत्रिका निघाली आणि मार्चमध्यें लंडनला हेन्री ओल्डेनबर्ग यानें ‘फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स’ सुरू केली. कागद, छपाई आणि टपाल यांना पैसा लागे, म्हणून वर्गणी आली. तिच्यांत अन्याय कांहीं नव्हता. पण या व्यापाराची आजची घडण पाहिली म्हणजे ती मोठी चमत्कारिक वाटते. संशोधकाला वेतन मिळतें तें बहुधा सरकारी तिजोरींतून. प्रयोगशाळा उभी राहते तीही लोकांच्या करांतून. तो निबंध लिहितो, त्याबद्दल त्याला मानधन नाहीं. दुसरे विद्वान तो निबंध तपासून देतात, तेही फुकट. मग लेखक आपला हक्क एका कागदावर सही करून प्रकाशकाच्या स्वाधीन करतो, आणि तोच निबंध त्याच्याच महाविद्यालयाचें ग्रंथालय त्याच प्रकाशकाकडून पैसे मोजून विकत घेतें. एल्सेव्हिअरसारख्या बड्या कंपनीला या धंद्यांत शेकडा ३५हून अधिक नफा राहतो, हें तिच्याच वार्षिक हिशेबांवरून दिसतें. गाय आपली, वैरण आपली, धार काढणारा गडीही आपला. आणि दूध मात्र रतिबानें घ्यावयाचें, असा हा प्रकार आहे.

छपाईची जागा महाजालानें घेतल्यावर या व्यवस्थेला प्रश्न विचारले जाऊं लागले. १९९१ सालीं पॉल गिन्सपार्ग या पदार्थवैज्ञानिकानें अमेरिकेंत निबंधांचें एक खुलें भांडार सुरू केलें; जगांतील खगोलशास्त्रज्ञ आणि पदार्थवैज्ञानिक, आणि त्यांत आपल्या पुण्याच्या ‘आयुका’तील मंडळीही आलीं, आपले निबंध छापून येण्यापूर्वींच तेथें ठेवीत आले आहेत. पुढें फेब्रुवारी २००२मध्यें बुडापेस्टचें घोषणापत्र निघालें आणि या विचाराला ओपन ॲक्सेस हें नांव मिळालें.

पण बुडापेस्टची वाट न पाहतां हा प्रयोग आमच्या मुंबईंत, परळला सुरू झाला होता, ही गोष्ट मराठी घरांत फारशी ठाऊक नाहीं, आणि म्हणून ती मी जरा विस्तारानें सांगतों. सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि के. ई. एम. रुग्णालय येथील अध्यापकांची एक संस्था आहे. ती १९५५ पासून ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ नांवाची पत्रिका चालवीत आली आहे. चांगल्या लोकांनीं चालविलेली, पण खप मर्यादित, अशी ती पत्रिका होती. परळच्या वॉर्डांत रोज शेंकडों रोगी येत, त्यांच्यावरून मिळालेलें ज्ञान तिच्यांत छापलें जाई आणि कपाटांत जाऊन बसे; लंडन-न्यूयॉर्कच्या ग्रंथालयांत ती क्वचितच पोंचे. तेथील डॉक्टरांनीं तिचा उल्लेख करावा तर तो कसा करावा? न पाहिलेल्या पाहुण्याला आमंत्रण कोण देणार!

या शतकाच्या आरंभींच त्या मंडळींनीं सबंध पत्रिका महाजालावर ठेवली, आणि तीही विनामूल्य. मागील अनेक वर्षांचे अंकही हळूहळू तेथें आणले. या कामांत डॉ. डी. के. साहू यांचा पुढाकार होता. हे मूळचे बालरोगतज्ज्ञ. त्यांनीं मुंबईंतच ‘मेडनो’ नांवाची प्रकाशनसंस्था काढली आणि निरनिराळ्या वैद्यकसंघटनांच्या पत्रिका याच पद्धतीनें चालविण्यास घेतल्या. वाचकाकडून पैसा नाहीं, आणि लेखकाकडूनही नाहीं. खर्च भागवावयाचा तो छापील अंकाच्या वर्गणींतून आणि जाहिरातींतून. शहाण्यासुरत्या लोकांनीं त्या वेळीं शंका काढली कीं, फुकट मिळतें म्हटल्यावर छापील अंक घेणार कोण? डॉ. साहू यांनीं पुढें अनेक ठिकाणीं सांगितलेला अनुभव असा कीं, छापील अंकाची वर्गणी बुडाली नाहीं. परदेशांतून लेख मात्र येऊं लागले. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आपल्याच पत्रिकेच्या जुन्या-नव्या निबंधांचा हिशेब मांडून २००५ सालीं दाखविलें कीं, दार उघडल्यापासून तिच्यांतील निबंधांचा उल्लेख इतरत्र अधिक आणि लवकर होऊं लागला. मेडनोच्या छत्राखालीं शंभराहून अधिक पत्रिका गोळा झाल्या.

या कथेचा उत्तरार्ध तितका सुखाचा नाहीं. २०११ सालीं मेडनो ही वोल्टर्स क्लूवर या परदेशी बड्या कंपनीनें विकत घेतली. खऱ्या अर्थानें लोकांच्या पैशानें आणि श्रमानें वाढलेलें झाड, कुंपण नव्हतें म्हणून दुसऱ्याच्या बागेंत गेलें. मला त्यांत कोणा एका व्यक्तीचा दोष दिसत नाहीं. एवढा पसारा पेलणारी दुसरी एखादी सार्वजनिक संस्था, विद्यापीठ अथवा सरकार, त्या वेळीं पुढें आलें नाहीं. दोष असेल तर तो येथें आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान अकादमीचें उदाहरण याच्या शेजारीं ठेवण्यासारखें आहे. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९३४ सालीं स्थापिलेल्या त्या संस्थेनें आपल्या पत्रिका महाजालावर खुल्या केल्या. २००७ पासून परदेशांतील वितरण एका मोठ्या कंपनीकडे सोंपवितांनाही, आपल्या स्वतःच्या संकेतस्थळावरील दार तिनें बंद केलें नाहीं. विकावयाचें तें विकलें, पण घराची किल्ली दिली नाहीं.

आतां बड्या प्रकाशकांनीं या चळवळीला दिलेलें उत्तर पाहा. तें व्यापारी बुद्धीला शोभेल असेंच होतें. ते म्हणाले, “ठीक आहे, वाचकाकडून घेत नाहीं, लेखकाकडून घेतों.” ‘नेचर’ या विख्यात पत्रिकेनें निबंध खुला ठेवण्यासाठीं २०२१ पासून ९५०० युरो आकार ठेवला, त्या वेळच्या भावानें आठ लाख रुपयांच्या वर. आमच्या जिल्ह्यांतील महाविद्यालयांत शिकविणाऱ्या प्राध्यापकानें हे पैसे कोठून आणावेत? पूर्वीं त्याला वाचावयास मिळत नव्हतें, पण लिहावयास मज्जाव नव्हता. आतां तो वाचूं शकतो, आणि लिहिण्याची मात्र पंचाईत. हें मुक्तद्वार नव्हे. पुढचें दार उघडून मागचें लावून घेणें आहे.

आणि लेखकाकडून पैसे घेण्याची चाल एकदां पडली म्हणजे केवळ पैसे घेण्यासाठींच पत्रिका काढणारे लोक निघतात. तेही झालें, आणि तें आपल्याकडे फार झालें. प्राध्यापकांची बढती छापलेल्या निबंधांच्या मोजणीवर ठरूं लागली; पीएच. डी.च्या विद्यार्थ्यानें प्रबंध देण्यापूर्वीं एक निबंध छापलाच पाहिजे, असा नियम २००९ पासून २०२२ पर्यंत होता. मागणी आली तसा पुरवठाही आला. दोन-चार हजार रुपये घेऊन आठवड्याभरांत वाटेल तें छापून देणारीं दुकानें गल्लोगल्लीं निघालीं. पुण्याचे प्रा. भूषण पटवर्धन व त्यांचे सहकारी यांनीं विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादींतील, विद्यापीठांच्या शिफारशीनें आलेल्या १००९ पत्रिका तपासल्या. त्यांतील शेकडा ८८हून अधिक पत्रिका कमी दर्जाच्या असाव्यात, असा निष्कर्ष त्यांनीं २०१८ सालीं ‘करंट सायन्स’मध्यें मांडला. त्याच वर्षीं आयोगानें ४३०५ पत्रिका यादींतून काढून टाकल्या, आणि चांगल्या पत्रिकांची नवी यादी करण्यासाठीं ‘केअर’ नांवाची योजना काढली; तिचें मुख्य काम सावित्रीबाई फुले पुणें विद्यापीठांत चाले. फेब्रुवारी २०२५मध्यें ती यादीही बंद झाली, आणि पारख करण्याचें काम पुन्हां ज्या त्या संस्थेवर आलें.

या सर्व प्रकाराकडे बोट दाखवून कांहीं लोक म्हणतात, “पाहिलेंत? फुकट दिलें कीं दर्जा जातो.” मला हा युक्तिवाद पटत नाहीं. परळची पत्रिका फुकट होती, आणि तिचा दर्जा वाढला. दर्जा जातो तो वाचकाला फुकट दिल्यानें नव्हे, तर संपादकाचें पोट लेखकाच्या खिशावर अवलंबून ठेवल्यानें. ज्या परीक्षकाला उत्तीर्ण विद्यार्थ्यामागें पैसे मिळतात, तो नापास कोणाला करील?

मग मार्ग काय? तो मीं प्रारंभीं सांगितलेल्या दुसऱ्या अर्थाच्या वर्गणींत आहे, असें मला वाटतें. आणि तो केवळ कल्पनेंतला नाहीं. युरोपांतील ‘सर्न’ या संस्थेच्या पुढाकारानें २०१४ पासून जगभरच्या ग्रंथालयांनीं आपली वर्गणी एका ठिकाणीं जमा करण्यास सुरुवात केली, आणि त्या पैशांतून मूलकणांच्या शास्त्रांतील प्रमुख पत्रिका सर्व जगाला खुल्या झाल्या. ‘ॲन्युअल रिव्ह्यूज’ या संस्थेची रीत तर आपल्या उत्सवमंडळासारखीच आहे. ती ग्रंथालयांना सांगते कीं, तुम्ही नेहमींची वर्गणी भरीत राहा. पुरेशी जमली तर या वर्षाचा अंक सर्वांना खुला, न जमली तर केवळ भरणारांना. २०२३ पासून तिनें आपल्या सर्व पत्रिकांना ही पद्धत लावली. ‘लिंग्वा’ या भाषाशास्त्राच्या पत्रिकेच्या संपादकमंडळानें २०१५ सालीं निराळा मार्ग धरला. पत्रिका खुली करा, अशी मागणी मालक कंपनीनें मान्य केली नाहीं, तेव्हां सर्वांनीं एकदम राजीनामे दिले आणि ‘ग्लॉसा’ नांवाची नवी, खुली पत्रिका काढली. दवाखान्याची पाटी जुन्या मालकाकडे राहिली. वैद्य उठून गेले, आणि त्यांच्यामागून पुष्कळ रोगीही गेले.

आमच्या सरकारनें मात्र तूर्त पहिल्याच अर्थाची वर्गणी मोठ्या प्रमाणावर भरणें पसंत केलें आहे. ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेला नोव्हेंबर २०२४मध्यें केंद्रीय मंत्रिमंडळानें मान्यता दिली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठीं ६००० कोटी रुपये. त्यांत ३० परदेशी प्रकाशकांच्या सुमारें १३,००० पत्रिका. ६३००हून अधिक सरकारी संस्थांतील सुमारें एक कोटी ऐंशी लाख विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना त्यांचा लाभ. पूर्वीं मोठ्या शहरांतील संस्थांनाच जें परवडे, तें जिल्ह्याच्या गांवच्या सरकारी महाविद्यालयांत आलें, हा लाभ लहान नाहीं, आणि तो नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. पण हें दार संस्थेच्या ओळखपत्रानें उघडतें. आल्याच्या शेतांतला आपला तरुण त्यांत बसत नाहीं. खासगी दवाखाना चालविणारा डॉक्टर बसत नाहीं. निवृत्त झालेला शिक्षक बसत नाहीं. शिवाय ही वर्गणी आहे, खरेदी नव्हे. मुदत संपली कीं पुन्हां प्रकाशकाच्या दारांत वाटाघाटीला बसावें लागणार. एवढ्या रकमेचा चौथा हिस्सा जरी देशांतील पत्रिका उत्तम रीतीनें आणि मुक्तद्वार चालविण्याकडे लावला असता, तर परळची कथा निराळी झाली असती, असें मला वाटल्यावांचून राहत नाहीं. कुलूप तोडून आंत शिरण्याचा जो मार्ग ‘साय-हब’ या संकेतस्थळानें २०११ पासून दाखविला, तो आमच्या विद्यार्थ्यांना पाठ आहे. २०२५ सालीं दिल्ली उच्च न्यायालयानें तें संकेतस्थळ बंद करण्याचा आदेश दिला. कायद्यानें तें योग्यच असेल, पण इतके सज्जन विद्यार्थी कुलूप कां तोडतात, याचा विचार न्यायालयानें करावयाचा नसतो. तो आपण करावयाचा असतो.

आतां शेवटीं आपल्या मराठीकडे येतों. भारत इतिहास संशोधक मंडळाचें त्रैमासिक, वाईच्या प्राज्ञपाठशाळेचें ‘नवभारत’, मुंबईची ‘मराठी संशोधन पत्रिका’ यांचा प्रश्न परदेशी पत्रिकांच्या अगदीं उलट आहे. येथें नफेखोर प्रकाशक नाहीं, आणि वर्गणीही माफक. अडचण ही कीं, अंक थोडे छापले जातात, आणि जुने अंक कोठें मिळतील हें कोणास सांगतां येत नाहीं. आमच्यापेक्षां आमचे आजे-पणजे या बाबतींत अधिक शहाणे होते. काशीनाथ नारायण साने व जनार्दन बाळाजी मोडक यांनीं १८७८ सालीं ‘काव्येतिहाससंग्रह’ सुरू केला, तो दप्तरांत पडलेलीं जुनीं काव्यें व बखरी लोकांपुढें आणण्यासाठीं. वि. का. राजवाडे वाड्यावाड्यांचीं दारें ठोठावीत हिंडले, आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ यांचा पहिला खंड त्यांनीं १८९८ सालीं वाई येथें सांपडलेल्या कागदपत्रांतून सिद्ध केला. कागद घराण्याचा असेल, पण त्यांतला इतिहास सर्वांचा, ही त्या मंडळींची भूमिका होती. सातारा जिल्ह्याला तर हा वारसा आजही चालवितां आला आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनीं वाईस आरंभिलेला, १९७६ सालीं ज्याचा पहिला खंड निघाला, तो मराठी विश्वकोश आज महाजालावर कोणालाही मुक्तपणें वाचतां येतो. रहिमतपूरच्या शाळेंतील मुलाला त्यासाठीं वाईला जावें लागत नाहीं, कीं पुण्यास पत्र लिहावें लागत नाहीं.

हेंच मराठी संशोधनपत्रिकांचें करावयाचें तर काम तीन प्रकारचें आहे. जुने अंक पानापानानें उतरवून घेणें. प्रत्येक लेखाला कायमचा क्रमांक देऊन तो शोधल्यास सांपडेल असा ठेवणें. आणि हक्कांची व्यवस्था लावणें. पहिल्या दोन कामांना पैसा लागेल, पण तो एखाद्या मध्यम गांवच्या उत्सवमंडळाच्या आवांक्याबाहेरचा नाहीं. खरी धास्ती संस्थाचालकांना वाटते ती तिसऱ्याची; लेखक गेले, वारस कोठें शोधावेत, असें ते म्हणतात. त्यांनीं कायदा पाहावा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनीं त्याचें लेखन सर्वांचें होतें. राजवाडे १९२६ सालीं गेले. त्यांच्या पिढीचे बहुतेक सारे लेखक या मर्यादेच्या पलीकडे कधींच गेले आहेत. तेव्हां त्रैमासिकांच्या पहिल्या दोन-तीन दशकांतील त्यांच्या लेखांसाठीं कोणाच्याही परवानगीची जरूर नाहीं. प्रारंभ त्या लेखांपासून करावा; नंतरच्या लेखकांच्या वारसांना पत्रें लिहिण्याचें काम तोंवर चालू ठेवतां येईल.